प्रकल्प नोंदी: ऑरोरा आणि शंभर किलोमीटरवरचा वारा

८ जुलै २०२५

टॉपिक फायनल झाला. एमएस्सीच्या शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट "ऑरोरामुळे वरच्या वातावरणातल्या वाऱ्यांचं काय होतं" यावर करायचा (ऑरोरा म्हणजे ध्रुवांजवळच्या आकाशात दिसणारा रंगीत उजेड), मॅडमनी सही दिली, फक्त एवढंच विचारलं की जळगावात बसून ऑरोरावर काय करणार, आपल्याकडे तर तो दिसतही नाही. खरंय, दिसत नाही. पण मला त्याचा उजेड नकोच आहे, मला त्याने उठवलेला वारा हवाय, आणि त्या वाऱ्याचा परिणाम आपल्या डोक्यावरच्या आकाशापर्यंत पोचतो हे मला आकड्यांत मांडून दाखवायचंय.

प्लॅन साधा आहे. पायथनमध्ये एकाच बिंदूचं छोटं मॉडेल लिहायचं, ऑरोरा पेटला की तिथली हवा किती वेळात किती जोरात पळायला लागते ते बघायचं, मग तिथून निघालेली लाट खान्देशावर यायला किती वेळ लागेल ते काढायचं. आपल्याकडे रॉकेट नाही, रडार नाही, एक लॅपटॉप आहे आणि डिपार्टमेंटची लायब्ररी आहे, तेवढ्यात भागवायचं.

घरी फोनवर सांगितलं तर बाबा लगेच म्हणाले, वाऱ्यावर काम करतेय ते चांगलंय. आमची यावलकडे केळी आहे, मे-जूनच्या वादळात एका रात्रीत बाग आडवी होते, त्यामुळे वारा हा विषय आमच्या घरात कुणालाच फालतू वाटत नाही.

११ जुलै

आधी जागा समजून घ्यायची. साधारण ९० किलोमीटरच्या वर थर्मोस्फिअर, म्हणजे वातावरणाचा वरचा विरळ थर, सुरू होतो ते पार ५००-६०० किलोमीटरपर्यंत. तिथलं तापमान सूर्याच्या मूडप्रमाणे ५०० पासून २००० केल्विनपर्यंत जातं. प्रोजेक्टमधला पार्टनर म्हणे बाप रे, आपल्या मे महिन्यापेक्षा भारी, पण तिथे तुम्ही हात बाहेर काढला तर गरम लागणार नाही कारण हात तापवायला तिथे हवाच पुरेशी नाही. तापमान म्हणजे प्रत्येक कण किती वेगात आहे ते, आणि उष्णता किती मिळणार ते ठरतं कण किती आहेत त्यावर.

किती कमी हवा आहे ते आज काढून बघितलं. जमिनीवर प्रत्येक चौरस मीटरवर साधारण १० टन हवेचा खांब उभा असतो. १२० किलोमीटरवरचा दाब साधारण अडीच सहस्रांश पास्कल धरला तर त्याच्या वर उरलेला अख्खा खांब भरतो पाव ग्रॅमच्या आसपास. चौरस मीटरला पाव ग्रॅम! हा आकडा मी वहीत लाल पेनाने लिहून ठेवलाय, कारण पुढची सगळी गोष्ट त्यातूनच निघते. इतकी हलकी हवा असेल तर तिला ढकलायला फार ताकद लागत नाही, आणि खाली जमिनीवर ज्या गोष्टींचा काहीच फरक पडत नाही त्या तिथे वादळ उठवू शकतात.

१६ जुलै

ऑरोराचं मूळ थोडक्यात. सूर्याकडून येणारा वारा पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रावर आदळतो, त्यातली ऊर्जा रात्रीच्या बाजूला शेपटीत साठते, आणि मधेमधे ती सुटली की इलेक्ट्रॉन चुंबकीय रेषांना धरून ध्रुवांजवळ खाली येतात. ऑक्सिजनच्या अणूला धक्का बसला की तो दोन मुख्य रंग देतो. हिरवा ५५७.७ नॅनोमीटरचा, तो बहुतेक १०० ते १५० किलोमीटरच्या दरम्यान, आणि लाल ६३०.० चा, तो २०० च्या वर. हिरव्याची उत्तेजित अवस्था पाऊण सेकंदाच्या आसपास टिकते, लालची मात्र जवळपास ११० सेकंद. म्हणूनच लाल खाली दिसत नाही, खाली गर्दी जास्त, ११० सेकंद होईपर्यंत कुणी ना कुणी टक्कर मारून ती ऊर्जा काढून घेतं आणि प्रकाश निघतच नाही.

पण वाऱ्याच्या दृष्टीने रंग हा फक्त वरवरचा भाग आहे. महत्त्वाचं हे की तेच इलेक्ट्रॉन खाली येताना हवेचे अणू-रेणू फोडतात, आयन म्हणजे विद्युतभार असलेले कण बनवतात. ऑरोरा म्हणजे आकाशात आयनांची संख्या अचानक वाढलेली जागा, असं मी आता बघायला लागलेय.

१९ जुलै

आजचा दिवस फार कामाचा गेला.

ऑरोराच्या भागात विद्युत क्षेत्र असतं, अॅक्टिव्ह रात्री ५० मिलिव्होल्ट प्रति मीटर सहज. ऐकायला काहीच नाही, पण पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र तिथे ०.००००५ टेस्लाच्या आसपास, आणि आयनांचा सरकण्याचा वेग म्हणजे पहिल्याला दुसऱ्याने भागायचं, उत्तर येतं सेकंदाला १००० मीटर. एक किलोमीटर सेकंदाला! म्हणजे आयन त्या वेगाने चालले आहेत, आणि त्यांच्या भोवती साधी न्यूट्रल, म्हणजे विद्युतभार नसलेली हवा उभी आहे जिला विद्युत क्षेत्र दिसतच नाही.

आता भुसावळ जंक्शनवर गाडी लागली की जिन्यावर काय होतं ते बघा, हजार माणसं उभी आणि त्यातून दोन-चार जण जिवाच्या आकांताने पळतात, त्या दोघा-चौघांच्या धक्क्याने अख्खी गर्दीच हळूहळू त्या बाजूला सरकायला लागते. आयन तेच करतात. ३०० किलोमीटरवर साधारण हजार-दहा हजार न्यूट्रल कणांमागे एक आयन असतो, पण तो सतत आपटत राहतो आणि शेवटी हवेला आपल्या मागे ओढतो. याला आयन ड्रॅग म्हणतात.

हवेला वेग यायला लागणारा वेळ काढायला बसले तर एक फारच सुंदर गोष्ट सापडली. एका आयनाच्या टकरी हवेच्या घनतेवर अवलंबून असतात, जितकी हवा दाट तितक्या टकरी जास्त. पण हवा दाट असली की ढकलायचं वजनही तेवढंच जास्त. दोन्ही एकमेकांना कापून टाकतात. हवेची घनता समीकरणातून निघूनच जाते आणि उरते फक्त आयनांची संख्या. गुणक साधारण ७ गुणिले १० चा उणे १६ वा घात, घनमीटर प्रति सेकंद. म्हणजे हवेला किती वेळात पळवायचं ते ठरवणारी गोष्ट एकच, आयन किती आहेत. आणि ऑरोरा तर आयनच बनवतो! ऑरोरा स्वतः हवेला ढकलत नाही, तो फक्त विद्युत क्षेत्राला हवेवर पकड मिळवून देतो. मॅडमना दाखवलं, त्या म्हणाल्या हेच तुझ्या रिपोर्टचं मधलं वाक्य असू दे.

२४ जुलै

कोड चालला. रात्री लाईट गेली होती तरी लॅपटॉपची बॅटरी पुरली.

विद्युत क्षेत्र ५० मिलिव्होल्टचं, आयनांचा वेग सेकंदाला १००० मीटर, हवा सुरुवातीला स्थिर. मग आयनांची संख्या बदलत गेले. शांत रात्री घनमीटरला १० हजार कोटी आयन धरले तर हवेला आयनांच्या मागे जायला लागणारा काळ जवळपास ४ तास. अर्ध्या तासात वारा पोचतो सेकंदाला ११८ मीटरपर्यंत. ऑरोराने संख्या ५० हजार कोटी केली तर तोच काळ ४८ मिनिटांवर येतो आणि अर्ध्या तासात ४६७ मीटर. आणि जोरदार ऑरोरा, १ लाख कोटी, तर काळ फक्त २४ मिनिटं, अर्ध्या तासात ७१६ मीटर प्रति सेकंद. क्षेत्र तेच, हवा तीच, फक्त पकड वाढली.

मग ३० मिनिटांनी ऑरोरा बंद केला, म्हणजे क्षेत्र शून्य आणि आयन परत १० हजार कोटींवर. आणि वारा थांबतच नाही! पकड सुटली म्हणजे ब्रेकही सुटला, एका तासानंतरसुद्धा सेकंदाला ५५६ मीटर. याला फ्लायव्हील इफेक्ट म्हणतात, आणि तो प्रत्यक्षात दिसतो, क्षेत्र गेल्यावर उलट वाराच आयनांना ओढत राहतो. म्हणजे आकाशात रंग विझल्यावरही वरची हवा पुढचे काही तास पळत असते. मला हे फार आवडलं, ग्राफ प्रिंट करून रूमच्या भिंतीवर लावलाय.

७१६ हा आकडा मात्र तसाच घ्यायचा नाही, खऱ्या हवेत दाबाचा फरक असतो, चिकटपणा असतो, ऑरोराचा पट्टा सरकत असतो. एरवी या उंचीवर दिवसाकडून रात्रीकडे १००-२०० मीटर प्रति सेकंदाचा वारा असतो आणि मोठ्या चुंबकीय वादळात (सूर्याकडून जोराचा झोत येऊन पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र हलतं तेव्हा) तो ५०० च्या वर जातो, हजाराच्या जवळपासही गेलेला आहे. १९८१ ते ८३ मध्ये डायनॅमिक्स एक्सप्लोरर-२ या उपग्रहाने हे वारे थेट मोजले, नंतर २००० ते २०१० या काळात चॅम्प उपग्रहाच्या अॅक्सेलरोमीटरवरून काढले. त्यामुळे माझं मॉडेल थोडं जास्त देतंय पण रस्ता बरोबर आहे.

४ ऑगस्ट

काल कानबाई बसली म्हणून गावाला गेले होते, आज विसर्जन करून, रोट खाऊन संध्याकाळच्या बसने परत. तिथे काकांशी बोलताना एक धागा मिळाला तो इथे लिहून ठेवते.

काकांना विचारलं, वरची हवा तापते, फुगते, असं शिकतेय, तर ते म्हणाले म्हणजे स्कायलॅबचं काय ते. १९७९ साली ते चौथीत होते. स्कायलॅब हे नासाचं अवकाश स्टेशन पडणार म्हणून गावात कशी घबराट होती, लोकांनी कोंबड्या-बकऱ्या कापून खाल्ल्या, आता काय राहतंय म्हणून, हे त्यांनी परत एकदा सांगितलं. आणि ते प्रकरण खरंच याच विषयातलं आहे. नासाचा अंदाज होता की स्टेशन ८० च्या दशकापर्यंत वर राहील, पण सूर्य अपेक्षेपेक्षा जास्त अॅक्टिव्ह झाला, थर्मोस्फिअर तापून फुगलं, स्टेशनच्या वाटेतली हवा दाट झाली, ओढ वाढली आणि ११ जुलै १९७९ ला ते हिंदी महासागर आणि पश्चिम ऑस्ट्रेलियावर पडलं. तसंच आपल्या काळातलं उदाहरण म्हणजे फेब्रुवारी २०२२, स्टारलिंकचे ४९ उपग्रह २१० किलोमीटरवर सोडले होते, मध्यमच चुंबकीय वादळ आलं आणि त्यातले जवळपास ४० गेले.

ऑरोराच्या भागात ही उष्णता येते कुठून तर त्याच टकरींमधून. आयन आणि हवा यांच्या वेगातला जो फरक असतो तो घासून उष्णतेत जातो, त्याला ज्यूल हीटिंग म्हणतात. बसमध्ये वहीवरच हिशोब केला. थराची एकूण वाहकता १० सीमेन्स आणि क्षेत्र ५० मिलिव्होल्ट, तर चौरस मीटरला २५ मिलिवॅट. त्यातलं अर्धं जरी १२० किलोमीटरच्या वर पडलं तर त्या पाव ग्रॅम हवेचं तापमान तासाला दीडशे अंशांच्या आसपास चढतं! आणि हे ऑरोराच्या अख्ख्या पट्ट्यात. मोठ्या वादळात दोन्ही गोलार्ध मिळून ही उष्णता १० लाख मेगावॅटपर्यंत जाते. आमच्या दीपनगरचा ५०० मेगावॅटचा संच घेतला तर तसे २००० संच.

तापलेली हवा वर उठते, फेअरबँक्सजवळ उभ्या दिशेने सेकंदाला १०० मीटरच्या वरचे झोत मोजलेले आहेत, आणि मग तिथे दाब वाढतो आणि हवा विषुववृत्ताकडे पसरते. म्हणजे दोन इंजिनं आहेत. एक आयनांचं ओढणं, दुसरं तापून पसरणं. माझ्या मॉडेलमध्ये आत्तापर्यंत पहिलंच होतं.

९ ऑगस्ट

वारा मोजतात कसा, हे आज लॅबमध्ये स्वतःच्या डोळ्यांनी समजून घेतलं. आपल्या डिपार्टमेंटला फॅब्री-पेरोचा सेटअप आहे, दोन समांतर अर्धपारदर्शक काचा, समोर सोडियम दिवा, आणि दुर्बिणीत बघितलं की पिवळ्या बारीक कड्या, एकात एक. स्क्रू अगदी हळू फिरवला की कड्या मधून उगवतात आणि बाहेर पसरतात. एका ठिकाणी प्रत्येक कडी दुहेरी होते, कारण सोडियमच्या दोन रेषा आहेत, ५८९.० आणि ५८९.६, मधे ०.६ नॅनोमीटरचं अंतर. ते दुहेरी होणं दिसलं की सगळी बॅच खुश होते, मीही बराच वेळ बघत बसले.

आता ऑरोराच्या लाल रेषेचा विचार करा. हवा आपल्याकडे सेकंदाला १०० मीटरने येत असेल तर डॉप्लरमुळे (उजेड देणारी गोष्ट हलत असली की तिच्या प्रकाशाची लांबी बदलते) ६३० नॅनोमीटरची रेषा सरकते ०.०००२ नॅनोमीटर. म्हणजे आज लॅबमध्ये जे अंतर बघून आम्ही टाळ्या वाजवल्या त्याच्या ३००० पटीने बारीक. अलास्कात, स्कँडिनेव्हियात, अंटार्क्टिकात हेच यंत्र आकाशाकडे तोंड करून ठेवलेलं असतं, कडीचा व्यास केसभर बदलला की त्यावरून वारा आणि कडीच्या जाडीवरून तापमान काढतात. लाल रेषेचे ११० सेकंद इथे उपयोगी पडतात, कारण तेवढ्या वेळात तो अणू आजूबाजूच्यांशी आपटून त्यांच्याच वेगाचा होऊन जातो, मग प्रकाश देतो. म्हणजे तो आसपासच्या हवेचीच बातमी सांगतो. हिरवी रेषा १०० ते १५० ची, लाल २०० च्या वरची, एकाच वेळी दोन मजल्यांचा वारा कळतो.

लॅब असिस्टंट दादांनी दार बंद करायच्या वेळी विचारलं, "काय करून राहिली गं अजून?" त्यांनाही दुर्बिणीत दाखवलं, त्यांनी इतकी वर्षं यंत्र पुसलं पण वाऱ्यासाठी वापरतात हे त्यांना पहिल्यांदा कळलं, आता ते स्वतःच दुसऱ्या बॅचला सांगतायत.

१८ ऑगस्ट

दुसरी पद्धत रॉकेटची. रॉकेट वर नेऊन वाफ सोडायची, ती चमकते, आणि ती कुठे वाहत जाते त्याचे फोटो दोन-तीन ठिकाणांहून ताऱ्यांच्या पार्श्वभूमीवर काढायचे, की प्रत्येक उंचीचा वारा मिळतो. ट्रायमिथाइल अॅल्युमिनियम वरच्या ऑक्सिजनशी भिडून पांढरट चमकतं, त्याला सूर्यप्रकाश लागत नाही, ते भर रात्री चालतं. बेरियम उन्हात आलं की लगेच आयन बनतं आणि विद्युत क्षेत्राबरोबर जातं, म्हणजे एकाच वेळी हवा कुठे चालली आणि आयन कुठे चालले हे वेगवेगळ्या रंगांत दिसतं. नॉर्वेतल्या अँडोयावरून एप्रिल २०१९ मध्ये ऑरोरातच असा प्रयोग झाला, आणि याच वर्षी मार्चमध्ये अलास्काच्या पोकर फ्लॅटवरून ऑसम नावाचं मिशन उडालं. त्यामागे मिशनचे प्रमुख शास्त्रज्ञ मार्क कॉन्डे यांचा प्रश्न आहे तो मला फार नेमका वाटला: सबस्टॉर्म, म्हणजे ऑरोराचा अचानक होणारा भडका, त्याची उष्णता वरच्या हवेत हळू उठून मिसळते की ध्वनी आणि उछाल मिळून झालेल्या लाटांनी भराभर लांब पोचते?

आणि हे वाचता वाचता थुंबा सापडलं. २१ नोव्हेंबर १९६३, केरळातलं आपलं पहिलं रॉकेट, नासाचं नाइकी-अपाची, त्यावर फ्रान्सकडून आलेली सोडियमची वाफ होती. कशासाठी? वरच्या वातावरणातला वारा मोजायला! संध्याकाळी आकाशात केशरी ढग लांबून दिसला होता. भारताच्या अवकाश कार्यक्रमाचा पहिला प्रश्नच वाऱ्याचा होता हे मला आजपर्यंत कुणी सांगितलं नव्हतं, शाळेत सायकलवरचं रॉकेट आणि चर्च एवढंच सांगतात. मी हे पोस्टरवर पहिल्या ओळीत टाकणार.

अशा वाफेच्या चार दशकांच्या नोंदी एकत्र केल्या तेव्हा दिसलं की १०० ते ११० किलोमीटरच्या दरम्यान सेकंदाला १०० मीटरच्या वरचा वारा वारंवार असतो, आणि दोन-चार किलोमीटर वर गेलं की दिशाच बदललेली. ऑरोरात हे अजून तीव्र होतं. आणि नेमकं इथे माझं मॉडेल लागू पडत नाही. साधारण १२५ किलोमीटरच्या खाली आयनांना इतक्या टकरी होतात की ते चुंबकीय रेषांभोवती पूर्ण फेराच मारू शकत नाहीत, मग त्यांचा वेग सेकंदाला १००० मीटर धरणं चूक. रिपोर्टमध्ये स्पष्ट लिहायचं की मॉडेल १५० च्या वरचं आहे.

२५ ऑगस्ट

पोळ्याची सुट्टी संपली. मॉडेलमध्ये पृथ्वीच्या फिरण्याचा परिणाम टाकला, कोरिऑलिस. ६७ अंश अक्षांशावर वाऱ्याचा एक पूर्ण वळसा जवळपास १३ तासांचा, आणि उत्तर गोलार्धात वळण कायम उजवीकडे. आयन मात्र ध्रुवाभोवती दोन भोवऱ्यांत फिरतात, संध्याकाळच्या बाजूचा भोवरा घड्याळाच्या दिशेने, पहाटेचा उलटा. संध्याकाळच्या बाजूला हवा ज्या दिशेने स्वतःहून वळते आहे त्याच दिशेने आयन ओढतायत, म्हणून हवा त्या भोवऱ्यात टिकून राहते आणि वेग साठत जातो. पहाटेच्या बाजूला हवा वळू बघते एकीकडे आणि आयन नेतायत दुसरीकडे, मग ती बाहेर फेकली जाते. मोजमापांमध्येही संध्याकाळच्या बाजूचा भोवरा नेहमी ठसठशीत दिसतो. माझ्या ग्राफमध्ये तो फरक आला तेव्हा मी आणि पार्टनर दोघं खुर्चीवरून उठून उभे राहिलो. इतक्या छोट्या कोडमध्ये पृथ्वी फिरतेय हे दिसणं भारी वाटतं.

२ सप्टेंबर

गणपतीत बाहेर डीजे, आत काम. आता खान्देशाकडे यायचं.

ऑरोराचा पट्टा अचानक तापला की तिथून मोठ्या लाटा निघतात, हवेच्याच, पण शेकडो-हजारो किलोमीटर लांबीच्या, वेग सेकंदाला साधारण ४०० ते १००० मीटर. आपल्या रेखांशावर उत्तरेला सायबेरिया. नेहमीचा पट्टा ६८ अंशाच्या आसपास धरला तर जळगाव २१ वर, फरक ४७ अंश, म्हणजे जवळपास ५२०० किलोमीटर. ७०० मीटरच्या वेगाने २ तास ४ मिनिटं. रेल्वेने जळगावहून मुंबईला जायला याच्यापेक्षा जास्त वेळ लागतो.

१० मे २०२४ चं मोठं वादळ घेतलं. चुंबकीय नोंदींमध्ये धक्का बसला तो आपल्या वेळेने रात्री १०:३५ च्या सुमाराला. त्या रात्री पट्टा खूप खाली सरकला होता, तो ५० अंशावर धरला तर अंतर ३२०० किलोमीटर आणि वेळ सव्वा तास. म्हणजे हिशोबाप्रमाणे मध्यरात्रीच्या आधी लाट खान्देशावर. आम्ही सगळे त्या रात्री उकाड्याने गच्चीवर झोपलो होतो! त्याच रात्री लडाखमधल्या हान्लेच्या वेधशाळेतून लाल उजेडाचे फोटो आले, तो उजेड उंचावरच्या ऑक्सिजनचा, ६३० चाच.

लाट पहिली येते, वारा मागून येतो. सेकंदाला २०० मीटरचा वारा धरला तर ३२०० किलोमीटरला साडेचार तास. तो नुसता येत नाही, ध्रुवाकडची नायट्रोजनने भरलेली हवा घेऊन येतो, जी खालून वर उठली होती. नायट्रोजनचे रेणू वाढले की आयन लवकर संपतात, आयनोस्फिअर, म्हणजे वरचा आयनांचा थर, पातळ होतो. आणि तिसरी गोष्ट, जी १९८० मध्ये ब्लँक आणि रिचमंड यांनी मांडली: विषुववृत्ताकडे येणारा वारा कोरिऑलिसने पश्चिमेकडे वळतो, तो आयनांना ओढतो, त्यातून विद्युत क्षेत्र तयार होतं आणि ते नेहमीच्या दिवसाच्या क्षेत्राच्या विरुद्ध असतं. ध्रुवावर वीज वाऱ्याला चालवते, इथे आल्यावर वारा वीज बनवतो.

आणि आपली जागा बघा. विषुववृत्तावरून दिवसा वर फेकले जाणारे आयन दोन्ही बाजूंना खाली उतरतात आणि त्यांचा ढीग भारतात अहमदाबाद-भोपाळच्या पट्ट्यात पडतो, खान्देश त्याच्या दक्षिण उतारावर. ध्रुवाकडून आलेल्या त्या उलट्या क्षेत्राने ते वर फेकणं कमी केलं की ढीग सरकतो, म्हणजे ऑरोराच्या वाऱ्याचा परिणाम मोजायला आपला भाग मधोमध आहे. मोबाईलमधल्या जीपीएसचा सिग्नल याच आयनांतून येतो. मे २०२४ मध्ये अमेरिकेत ऐन पेरणीत जीपीएसवर चालणाऱ्या ट्रॅक्टरांच्या ओळी बिघडल्या होत्या. आमच्याकडे आता फवारणीचे ड्रोन यायला लागलेत, तेव्हा हे बाबांना सांगण्यासारखं आहे आणि मी सांगितलंही, त्यांनी विचारलं की आधी कळू शकतं का. सूर्यावरून निघालेला ढग पृथ्वीवर यायला एक ते तीन दिवस लागतात, म्हणून वादळ येणार हे कळतं, पण वरचा वारा नेमका कुठे किती फिरेल हे आधी सांगणं अजून अवघड आहे, आणि त्यासाठीच ही सगळी मोजमापं चालू आहेत.

१२ सप्टेंबर

प्रस्तावनेसाठी जुनं शोधत होते. ४ फेब्रुवारी १८७२ ला ऑरोरा मुंबईहून दिसल्याची नोंद आहे. मुंबई! कुलाब्याची वेधशाळा १८४१ पासून चुंबकीय मोजमाप करत होती, १८५९ च्या कॅरिंग्टन नावाच्या प्रचंड चुंबकीय वादळाची नोंदही तिथली आहे. पुढे मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून मोजमाप १९०४ मध्ये अलिबागला हलवलं, ते आजही चालू आहे, आणि कोल्हापूरहून रात्रीच्या आकाशाच्या ६३० नॅनोमीटरच्या मंद उजेडाचे फोटो घेतले जातात. म्हणजे महाराष्ट्रात बसून हा विषय करण्यात काहीच वावगं नाही, मॅडमच्या पहिल्या दिवसाच्या प्रश्नाला हे उत्तर प्रस्तावनेतच देते.

१८७२ ची रात्र मॉडेलमध्ये टाकता येत नाही, आयन किती होते ते कुणीच मोजलेलं नाही. पण पट्टा इतका खाली आला असेल तर वाऱ्याचं इंजिन पार मध्य आशियावर चालू झालं असणार.

२० सप्टेंबर

पोस्टर छापायला दिलं. मधे २४ जुलैचा ग्राफ, तीन रेषा, तीन आयन संख्या, आणि खाली मोठ्या अक्षरात: हवेची घनता कटते, आयन उरतात. डाव्या बाजूला थुंबाची ओळ, उजव्या बाजूला सायबेरिया ते जळगाव नकाशा, लाट सव्वा ते दोन तास, वारा साडेचार तास किंवा जास्त.

पुढच्या सेमिस्टरचं काम ठरलं. एक, दाबाचा भाग नीट टाकायचा, सध्या तो ढोबळ आहे. दोन, क्षेत्र स्थिर न ठेवता दर काही मिनिटांनी बदलतं ठेवायचं, कारण खऱ्या सबस्टॉर्ममध्ये ते तसंच असतं आणि बदलत्या क्षेत्राने उष्णता वाढते. पार्टनर अलिबागची नोंद घेऊन १० मेच्या रात्रीचा धक्का मिनिटावर लावतोय. मी १५० च्या खालचं समीकरण लिहायला घेतलंय, त्यात आयनांना टकरींसकट पूर्ण सोडवावं लागतं आणि घनता परत समीकरणात येते, सोमवारी मॅडमबरोबर बसायचंय त्यावर.